लाभार्थी याद्यांची कोष्टके एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना घ्यावयाची काळजी

अक्कलकोट तालुक्यात खरिपाची तूर, उडीद, मूग व सोयाबीन आणि रब्बीची ज्वारी व हरभरा ही मुख्य कोरडवाहू पिके होत. बोरी नदीच्या व कुरनूर धरणाच्या लाभक्षेत्रात उसाची लागवडही आढळते. या सर्व पिकांच्या संबंधाने वर्षभर निरनिराळ्या याद्या तयार होत असतात. बियाणे वाटपाची यादी, पीक विम्याची यादी, ठिबक संचाच्या अनुदानाची यादी आणि अतिवृष्टी झाली म्हणजे नुकसानीच्या पंचनाम्याची यादी. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टीने व पुराने पिकांची मोठी हानी झाली, तेव्हा अशा याद्यांचे महत्त्व प्रत्येक शेतकऱ्यास नव्याने कळून आले. पूर्वी या याद्या वहीत होत्या. आता त्या संगणकावरील कोष्टकात असतात, आणि मदतीची रक्कम थेट बँक खात्यात जमा होत असल्यामुळे कोष्टकातील एका अंकाची चूकही शेतकऱ्याच्या पदरात पडावयाचे पैसे अडवून धरू शकते.

कोष्टक ज्या संगणकावर तयार झाले त्याच संगणकावर राहत नाही, ही यातील मुख्य अडचण होय. गावात ते भ्रमणध्वनीवर गूगल शीट्समध्ये भरले जाते, ग्रामपंचायतीच्या संगणकावर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडले जाते, तालुक्याच्या ठिकाणी एक्सेलमध्ये जोडले जाते आणि तेथून पुढे संकेतस्थळावर चढविले जाते. प्रत्येक प्रणाली आपल्या समजुतीप्रमाणे त्यातील मजकुराचा अर्थ लावते. वहीतील आकडा वाचणाऱ्याने चुकीचा वाचला तरी वहीत तो तसाच राहतो. कोष्टकाचे तसे नाही. येथे वाचणारी प्रणाली आकडा स्वतःच बदलून ठेवते, आणि फाइल जतन केली की मूळ आकडा नाहीसा होतो.

गट क्रमांकाची तारीख होते

याचे सर्वांत सोपे उदाहरण प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असलेला सातबारा हाच आहे. एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत ७/१२ असे लिहून पाहावे. संगणकाची मांडणी भारतीय पद्धतीची असेल तर तेथे ७ डिसेंबर ही तारीख उमटते. मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल, आणि पुष्कळ संगणक विकत घेतल्यापासून तसेच ठेवलेले असतात, तर तेथे १२ जुलै उमटते. लिहिणाऱ्याच्या मनात तारीख नव्हतीच. परंतु दोन लहान संख्यांमध्ये तिरपी रेघ दिसली की ती तारीखच असली पाहिजे, असे ही प्रणाली धरून चालते.

आता समजा, एका शेतकऱ्याची जमीन गट क्रमांक १२, हिस्सा १ अशी आहे. यादीत ती १२/१ अशी लिहिली. भारतीय मांडणीच्या संगणकावर ती १२ जानेवारी झाली. पाहणाऱ्यास चूक दिसते आणि अंदाजाने दुरुस्तही करता येते. पण हीच यादी अमेरिकन मांडणीच्या संगणकावर भरली गेली असेल, तर चौकटीत १ डिसेंबर दिसेल. पुढचा कर्मचारी सद्भावनेने ते १/१२ असे दुरुस्त करील, आणि गट क्रमांक १२ चा पहिला हिस्सा हा गट क्रमांक १ चा बारावा हिस्सा होऊन बसेल. त्या क्रमांकाची जमीन गावात असली तर ती दुसऱ्या कोणाची तरी असेल, आणि नसली तर अर्ज फेटाळला जाईल. कोणी त्या चौकटीचा प्रकार बदलून मजकूर असा करू गेला, तर तेथे ४५६६९ यासारखी संख्या दिसते. प्रणाली प्रत्येक तारीख ही १९०० सालापासूनच्या दिवसांची मोजणी म्हणून आत ठेवते. ४५६६९ म्हणजे १२ जानेवारी २०२५. ही संख्या पाहून तिला भलताच गट क्रमांक समजण्याचा संभव असतो.

यातील फसवी बाब अशी की, सर्व गट क्रमांक बिघडत नाहीत. ११२/२ किंवा १२/१/अ हे जसेच्या तसे राहतात, कारण त्यांची तारीख होऊ शकत नाही. त्यामुळे यादीवरून नजर फिरविणाऱ्यास बहुतेक रकाना शाबूत दिसतो आणि मधली पाच-दहा बिघडलेली घरे निसटतात. लहान गट क्रमांक व लहान हिस्से असलेल्या खातेदारांचेच यात नुकसान होते.

निरनिराळ्या प्रणालींमधील भेद येथे स्पष्ट दिसतो. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेल्या साध्या मजकुराची फाइल. तिच्यावर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडली तर १२/१ ची तारीख होते. तीच फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडताना प्रथम एक चौकट पुढे येते आणि तीत विशेष संख्या ओळखण्याचा पर्याय असतो. तो मुळात बंद असल्यामुळे १२/१ हे १२/१ च राहते. म्हणजे एका कार्यालयात फाइल बरोबर दिसते व दुसऱ्या कार्यालयात चुकीची दिसते, आणि दोन्ही ठिकाणचे लोक आपापल्या परीने खरेच बोलत असतात. असा वाद पडला की फाइल कोणी बिघडविली हे शोधण्यापेक्षा ती कोठे कशी उघडली हे विचारावे.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली काही जनुकांची नावेच बदलली, कारण मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांशी जुळणारी त्यांची संक्षिप्त नावे कोष्टकात तारखा होत होती. पुढे २०२३ साली एक्सेलमध्ये असे आपोआप होणारे काही बदल बंद ठेवण्याची सोय करण्यात आली. ती उपयुक्त आहे; आरंभीचे शून्य गाळणे व लांब संख्या तोडणे तिने थांबविता येते. परंतु तारखांच्या बाबतीत तिचा रोख अक्षरे व अंक जोडून लिहिलेल्या शब्दांवर आहे. तिरप्या रेघेच्या गट क्रमांकासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

उपाय एकच आणि तो सोपा आहे. यादी भरण्यापूर्वी गट क्रमांकाचा संपूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार मजकूर असा ठरवावा, मग आकडे भरावेत. आधी भरून नंतर प्रकार बदलल्याने काही साधत नाही. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे गट क्रमांक व हिस्सा यांना दोन स्वतंत्र रकाने देणे. मग तिरपी रेघच उरत नाही आणि कोणत्याही प्रणालीत फाइल नेली तरी धोका राहत नाही. नवीन नमुना तयार करणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा.

खाते क्रमांक व आधार क्रमांक

आधार क्रमांक १२ अंकी असतो. एक्सेलच्या साध्या चौकटीत १२ अंकी संख्या भरली की ती पूर्ण न दिसता संक्षिप्त रूपात दिसते. उदाहरणार्थ, २३४५६७८९०१२३ ही कल्पित संख्या २.३४५६८ई+११ अशी दिसते. एवढ्याने काही बिघडलेले नसते. आत संपूर्ण संख्या सुरक्षित असते व रकान्याचा प्रकार बदलताच ती दिसू लागते. परंतु अशा अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली तर, जे दिसते तेच लिहिले जाते. ती फाइल पुन्हा उघडली की २३४५६८०००००० अशी संख्या मिळते. शेवटचे अंक कायमचे गेले. त्यातूनही वाईट गोष्ट ही की, आरंभीचे अंक सारखे असलेल्या दोन शेतकऱ्यांचे क्रमांक एकच होऊन बसतात आणि दुबार नोंद म्हणून दोघांचीही नावे बाजूला पडण्याची भीती असते.

बँक खात्याच्या क्रमांकास दोन धोके आहेत. पहिला, आरंभीच्या शून्याचा. ००१२३४ ही संख्या म्हणून पाहिली तर १२३४ च होय, आणि प्रणाली शून्ये टाकून देते. खाते क्रमांकात मात्र त्या शून्यांनाही जागा असते. दुसरा धोका लांबीचा. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपून ठेवते व पुढील प्रत्येक अंकाच्या जागी शून्य घालते. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी आहेत. १२३४५६७८९०१२३४५६ असा क्रमांक भरला की तो १२३४५६७८९०१२३४५० होतो. येथे पूर्वावस्थेला येण्याचा मार्ग नाही. आतही शून्यच लिहिलेले असते. अशा रकान्यात एकसारखे शून्याने संपणारे १६ अंकी क्रमांक दिसू लागले तर यादी तेथेच थांबवावी आणि पासबुकावरून ते क्रमांक पुन्हा घ्यावेत. अंदाजाने शेवटचा अंक घालण्याचा मोह कोणी करू नये.

ज्या संख्येची बेरीज-वजाबाकी कधीच करावयाची नाही ती संख्या नसून नाव आहे, असे समजावे. आधार क्रमांक, खाते क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक, शेतकरी ओळख क्रमांक, गट क्रमांक ही सर्व नावेच होत. त्यांचे रकाने मजकूर या प्रकारचे ठेवावेत. बेरीज लागते ती क्षेत्राची, उत्पन्नाची व रकमेची.

क्षेत्राच्या बाबतीतही थोडे सांगितले पाहिजे. सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर असे तीन भागांत लिहिण्याची रीत आहे. १.२०.०० असे दोन टिंबांसह ते कोष्टकात उतरविले तर प्रणाली त्यास संख्या मानीत नाही आणि बेरजेत धरीत नाही. तसे झाल्याची सूचनाही मिळत नाही. बेरीज फक्त कमी येते. म्हणून १.२० असे एकाच टिंबाने लिहावे. १०० आर म्हणजे १ हेक्टर असल्यामुळे ही बेरीज बरोबर जुळते. मात्र प्रणाली शेवटचे शून्य न दाखविता १.२ असे दाखविते, आणि वाचणारा ते १ हेक्टर २ आर असे वाचतो. यासाठी रकान्यास दोन दशांश स्थळे नेमून द्यावीत. एकर-गुंठ्यांत लिहिण्याची सवय असलेल्यांनी तर विशेष जपावे. २ एकर ३० गुंठे व १ एकर २५ गुंठे मिळून ४ एकर १५ गुंठे होतात, २.३० व १.२५ यांची कोष्टकातील बेरीज ३.५५ येते. एकराला ४० गुंठे हा हिशेब यंत्रास कोणी शिकविलेला नाही.

पेरणीची तारीखही अशीच फसविते. ०५/०७/२०२५ ही आपल्याकडे ५ जुलै, अमेरिकन मांडणीत ७ मे. ऐन पेरणीची तारीख मे महिन्याच्या उन्हात जाऊन पडते. १३/०७/२०२५ असेल तर तेरावा महिना नसल्यामुळे ती तशीच मजकूर म्हणून राहते. परिणामी निम्म्या तारखा उलटतात व निम्म्या तशाच राहतात. प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२५-०७-०५ असे लिहिल्यास सर्व प्रणाली एकच अर्थ घेतात.

मराठी अक्षरे न दिसणे

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्री-लिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या निरनिराळ्या फाँटांमध्ये होत असे. त्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेतच साठविलेले असतात आणि फाँटमुळे ते देवनागरी दिसतात. फाँट नसलेल्या संगणकावर तेथे इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. मोडी न येणाऱ्याच्या हाती जुना दस्त यावा तसा हा प्रकार आहे. मजकूर गेलेला नसतो, वाचणारा नसतो. तो फाँट बसवावा किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. अक्कलकोटच्या सीमाभागात कलबुर्गी जिल्ह्याकडून येणाऱ्या कन्नड फाइलींनाही हेच लागू आहे. यापुढील सर्व याद्या मात्र युनिकोडमध्येच कराव्यात.

युनिकोडमध्ये भरलेली यादीही दोन प्रकारे बिघडलेली आढळते, आणि त्या दोहोंतील फरक कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात ठेवावा. सीएसव्ही फाइल सरळ एक्सेलमध्ये उघडली आणि नावांच्या जागी चित्रविचित्र रोमन चिन्हे दिसली, तर घाबरू नये. फाइल चांगली आहे. प्रणालीने तिची संकेतपद्धती चुकीची धरली आहे. काहीही जतन न करता ती बंद करावी. परंतु नावांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर ती फाइल गेली असे समजावे. मराठी यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केली की प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले जाते. त्यासाठी जतन करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हा स्वतंत्र प्रकार निवडावा लागतो. जुन्या आवृत्त्यांत तो नाही; तेथे लिब्रेऑफिस वापरावे. ते विनामूल्य मिळते.

सीएसव्ही फाइल उघडण्याची योग्य रीत अशी आहे. एक्सेलमध्ये फाइलवर टिचकी न मारता प्रथम कोरे कोष्टक उघडावे, डेटा या विभागातून मजकूर अथवा सीएसव्ही आणण्याचा पर्याय घ्यावा, संकेतपद्धती यूटीएफ-८ निवडावी आणि माहितीचे प्रकार ओळखू नयेत असे सांगावे. लिब्रेऑफिसमध्ये उघडतानाच येणाऱ्या चौकटीत यूटीएफ-८ व स्वल्पविराम निवडून, क्रमांकांच्या रकान्यांवर टिचकी मारून त्यांना मजकूर हा प्रकार द्यावा. गूगल शीट्समध्ये आयात करताना मजकुराचे संख्या व तारखांत रूपांतर करण्याच्या पर्यायापुढील खूण काढावी. हाताने तयार केलेल्या सीएसव्हीत पत्ता लिहिताना मु. पो. वागदरी, ता. अक्कलकोट असा स्वल्पविराम आला की त्या ओळीतील पुढील सर्व रकाने एक घर सरकतात, हेही पाहावे. पत्ता अवतरणचिन्हांत ठेवला म्हणजे हे टळते.

जुन्या व नव्या प्रकारच्या फाइली

एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळी मावतात. २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्स प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. एका गावाच्या यादीस दोन्ही पुरेसे आहेत. सोलापूर जिल्ह्याचे ११ तालुके एकत्र केले की जुना प्रकार अपुरा पडण्याची शक्यता आहे, आणि मावल्या नाहीत त्या ओळी यादीच्या शेवटच्या गावांच्या असतात. इंग्लंडमध्ये २०२० साली सप्टेंबरच्या अखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनिक आकड्यांतून व संपर्क शोधण्याच्या कामातून सुटली, ती याच जुन्या प्रकाराच्या मर्यादेमुळे. तेथे तज्ज्ञांची उणीव नव्हती. ओळी मोजून पाहण्याची व्यवस्था नव्हती.

लिब्रेऑफिसचा स्वतःचा प्रकार ओडीएस हा होय. एक्सेल तो उघडते व लिब्रेऑफिस एक्सएलएसएक्स उघडते. साध्या याद्यांना अडचण येत नाही. अडचण येते ती मॅक्रो घातलेल्या नमुन्यांत, कारण एका प्रणालीसाठी लिहिलेला मॅक्रो दुसरीत चालेलच असे नाही. नवीन सूत्रांचेही तसेच. एक्सलुकअप हे सूत्र लिब्रेऑफिसमध्ये २०२४ च्या ऑगस्टमधील २४.८ या आवृत्तीत आले. त्यापूर्वीच्या आवृत्तीत ते चालत नाही. वरिष्ठ कार्यालयांनी गावाकडे पाठवावयाचा नमुना जितका साधा ठेवावा तितका बरा. एकत्र केलेल्या चौकटी, रंगीत पट्टे, लपविलेले रकाने यांनी शोभा येते, पण याद्या जोडताना तेच आडवे येतात.

यादी पुढे पाठविण्यापूर्वी तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. एकूण ओळी किती, एकूण क्षेत्र किती आणि प्रत्येक खाते क्रमांकात अंक किती. अंक मोजण्यासाठी लेन हे सूत्र एक्सेल, कॅल्क व गूगल शीट्स या तिन्हींत चालते. एकाच बँकेच्या खात्यांत एखाद्याची लांबी कमी निघाली तर शून्य गळाले असे समजावे. हे तीन आकडे फाइलीबरोबर लिहून पाठवावेत, म्हणजे पुढील कार्यालयास फाइल उघडताच आपल्याकडे ती पूर्ण पोहोचली की नाही हे पडताळता येते. याखेरीज पंचवीस-तीस नोंदी मूळ कागदांवरून एकाने मोठ्याने वाचाव्यात व दुसऱ्याने पडद्यावर पाहाव्यात. तुरीच्या राशीतून मूठ काढून ओलावा पाहतात, त्यातलाच हा प्रकार आहे. मात्र मूठ राशीच्या वरून, मधून व तळातून घेतली पाहिजे.

शेतकऱ्यांनीही आपला भाग उचलावा. ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर यादी लागली म्हणजे पुष्कळ जण आपले नाव आहे एवढे पाहून परततात. नावाबरोबर गट क्रमांक, हिस्सा, क्षेत्र आणि खाते क्रमांकाचे जे अंक दाखविलेले असतील ते पासबुकाशी व सातबाराशी जुळवून पाहावेत. मल्लिनाथ, सिद्धाराम, शिवानंद अशी नावे एका गावात अनेकांची असतात. तेथे क्रमांकच खरी ओळख पटवितो. गट क्रमांकाच्या रकान्यात महिन्याचे नाव छापलेले दिसले तर ती छपाईची किरकोळ चूक म्हणून सोडून न देता त्याच दिवशी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या नजरेस आणावी.

मूळ फाइल कधीही दुरुस्त करू नये. ती गावाचे नाव व तारीख घालून वेगळी ठेवावी, तिची प्रत काढावी आणि प्रतीवर काम करावे. अंतिम, नवीन अंतिम, खरी अंतिम अशा नावांच्या चार फाइली व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या की त्यातील खरी कोणती हे ती करणाऱ्यासही सांगता येत नाही. फाइलीच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली तर सर्वांत अलीकडची फाइल यादीत आपोआप शेवटी दिसते.